पंखा सगळ्यात शेवटी : तापून बंद पडणाऱ्या कार अ‍ॅम्पवर केलेलं काम

स्टीरिओचा आवाज वाढवून स्पीकरला देणारा गाडीतला अ‍ॅम्प तापून बंद पडायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो पंखा बसवण्याचा. पंखा उपयोगी आहेच, या कामातही शेवटी तीन पंखे बसले. पण अ‍ॅम्प इतकी उष्णता मुळात तयारच का करतोय, हे आधी शोधायला हवं. बॅटरीतून घेतलेली जी वीज स्पीकरपर्यंत पोचत नाही, ती सगळी उष्णता होऊन हीट सिंकमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये) उतरते. ती कमी करण्याचे चार-पाच मार्ग असतात आणि त्यातले बरेचसे मल्टिमीटर, पेचकस आणि थोडा धीर एवढ्यावर होतात. ते न करता पंखा लावला, तर आजार तसाच ठेवून फक्त ताप उतरवल्यासारखं होतं.

मांडणी अगदी नेहमीची होती. चार चॅनलचा क्लास एबी अ‍ॅम्प, ४ ओहमला प्रत्येक चॅनलवर ७५ वॅट आरएमएस (सलग देता येणारी शक्ती), दारांच्या आणि मागच्या स्पीकरसाठी. सबवूफरसाठी (खोल बासच्या स्पीकरसाठी) क्लास डी मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा अ‍ॅम्प, २ ओहमला ५०० वॅट. (एबी आणि डी हे आतल्या रचनेचे प्रकार, त्यांतला फरक पुढे येईल.) डिकीच्या मूळ तळावर फळीचा दुसरा तळ केलेला, आणि मधल्या १५ सेंटीमीटरच्या पोकळीत दोन्ही अ‍ॅम्प एकावर एक ठेवलेले. वरून जाड कार्पेट. अर्धा-पाऊण तास मोठ्या आवाजात गाणी चालली की चार चॅनलचा अ‍ॅम्प बंद व्हायचा, लाल दिवा लागायचा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी तो आपोआप सुरू व्हायचा.

ही वेळ नीट विचारून घ्यावी, कारण अर्धं निदान तिच्यातच असतं. हळूहळू तापून बंद होणं आणि थंड झाल्यावर स्वतःहून सुरू होणं म्हणजे थर्मल प्रोटेक्शन, जास्त तापल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होणं. चालू करताक्षणी किंवा बासच्या पहिल्या ठोक्याला लाल दिवा लागत असेल तर प्रश्न वेगळा : स्पीकरची वायर पत्र्याला लागलेली असते, कॉइल शॉर्ट असते, किंवा आतला ट्रान्झिस्टर गेलेला असतो. तिथे कितीही पंखे लावले तरी फरक पडत नाही.

आधी मोजमाप

हात लावून तापमानाचा अंदाज घेणं फसवं असतं. साधारण ६० अंश सेल्सिअसला तापलेल्या धातूवर हात काही सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही, पण क्लास एबी अ‍ॅम्पसाठी ६० अंश म्हणजे धोक्याचं तापमान नव्हे. बहुतेक अ‍ॅम्पमधला थर्मल कट ७५ ते ९० अंशांच्या दरम्यान कुठेतरी असतो. त्यामुळे चटका बसतो एवढ्यावरून अ‍ॅम्प बिघडलाय असं ठरवता येत नाही, आणि कोमट लागतो म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही.

मल्टिमीटरसोबत येणारी, तापमान मोजणारी के-टाइप थर्मोकपलची वायर हीट सिंकच्या मध्यावर, जिथे आत ट्रान्झिस्टरची रांग असते तिथे, उष्णता सोसणाऱ्या टेपने चिकटवली. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खूप कमी आकडा दाखवतो. तिथे काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरला की वाचन विश्वासार्ह होतं. दुसरी वायर डिकीतल्या हवेचं तापमान घेण्यासाठी, अ‍ॅम्पपासून दूर.

खरा आकडा या दोन वाचनांमधला फरक. डिकीत ३४ अंश असताना हीट सिंक ८१ ला पोचून अ‍ॅम्प बंद झाला, म्हणजे वाढ ४७ अंशांची. तीच वाढ थंड दिवशी, डिकीत २० अंश असताना झाली असती तर हीट सिंक ६७ वर थांबला असता आणि कोणाला काही कळलंही नसतं. म्हणून ‘कालपर्यंत चालत होता’ याला या कामात फारसा अर्थ नसतो. प्रत्येक टप्प्यानंतर तपासायची ती ही वाढ, नुसतं तापमान नव्हे. त्यासाठी गाणी तीच, स्टीरिओचा आवाज तोच, इंजिन चालू, डिकी बंद, आणि आकडा स्थिरावेपर्यंत किमान अर्धा-पाऊण तास थांबायचं. इंजिन चालू ठेवून चाचणी करायची ती उघड्यावरच. बंद गॅरेजमधला धूर जीवघेणा असतो.

संगीत सुरू करण्याआधी एक चाचणी आवाजाशिवाय घेतली. अ‍ॅम्प चालू, स्टीरिओ शून्यावर, २० मिनिटं. क्लास एबी अ‍ॅम्प रिकामा असतानाही थोडा प्रवाह घेतो, त्यामुळे १०-१५ अंशांची वाढ स्वाभाविक आहे. काहीच वाजत नसताना तो चटके देण्याइतका तापत असेल तर बायस (काही वाजत नसताना ट्रान्झिस्टरमधून वाहणारा ठरावीक प्रवाह) बिघडलेला असतो किंवा आतला एखादा ट्रान्झिस्टर गळत असतो. तो अ‍ॅम्प दुरुस्तीच्या टेबलावर न्यावा. इथे सरासरी वाढ ठीक होती, पण हीट सिंकचं एक टोक दुसऱ्यापेक्षा बरंच गरम येत होतं. ते टिपून ठेवलं. त्याचा उलगडा पुढे झाला.

क्लास एबीबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण यावर लोकांचा पटकन विश्वास बसत नाही. हा अ‍ॅम्प सर्वांत जास्त तापतो तो पूर्ण ताकदीवर नव्हे. आउटपुट ट्रान्झिस्टरमधली उष्णता सैद्धांतिक हिशेबाने पूर्ण शक्तीच्या साधारण ४० टक्क्यांवर सर्वाधिक असते. त्या पातळीला स्पीकरवर जाणारं व्होल्टेज आणि ट्रान्झिस्टरवर उरलेलं व्होल्टेज दोन्ही बऱ्यापैकी असतात, प्रवाहही भरपूर असतो. मोठ्या आवाजातलं दाट संगीतही सरासरीने पूर्ण शक्तीच्या बरंच खालीच असतं. क्लास डीचं तसं नाही. तिथले ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण उघडे नाहीतर पूर्ण बंद असतात, त्यामुळे कार्यक्षमता ८० टक्के किंवा त्याहून जास्त मिळते. म्हणूनच ५०० वॅटचा मोनोब्लॉक कोमट राहतो आणि ३०० वॅटचा चार चॅनलचा अ‍ॅम्प बंद पडतो. बंद पडायचा प्रश्न सबच्या अ‍ॅम्पचा असेल या समजुतीने अनेकजण पंखा चुकीच्या अ‍ॅम्पवर लावतात.

स्पीकरचा भार

स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढून प्रत्येक जोडीचा रोध मोजला. ४ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर ३.२ ते ३.७ दाखवतो, कारण मीटर फक्त कॉइलचा डीसी रोध मोजतो. पुढच्या दारांवर ३.४ आले, म्हणजे बरोबर. मागच्या दोन्ही चॅनलवर मात्र १.७. प्रत्येक चॅनलवर दोन स्पीकर समांतर जोडलेले निघाले : एक मागच्या दारातला, एक मागच्या काचेखालचा.

अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत २ ओहम चालेल असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण चालणं वेगळं आणि कार्पेटखाली तासन्‌तास चालणं वेगळं. तेवढ्याच आउटपुट व्होल्टेजला २ ओहमवर प्रवाह दुप्पट होतो आणि त्या चॅनलच्या ट्रान्झिस्टरमधली उष्णताही दुप्पट. ब्रिज करताना, म्हणजे दोन चॅनल जोडून एक करताना, तर हे आणखी लपून राहतं. दोन चॅनल ब्रिज करून ४ ओहमचा स्पीकर लावला की प्रत्येक चॅनलला तो २ ओहमचाच दिसतो. काचेखालची जोडी अ‍ॅम्पवरून काढून स्टीरिओच्या स्वतःच्या आउटपुटवर दिली. मागून हलका आवाज भरून यावा एवढंच तिचं काम होतं, आणि त्यासाठी स्टीरिओची ताकद पुरते.

वेगळा ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) आणि क्रॉसओव्हर (सूर वाटून देणारं सर्किट) असलेल्या संचात मीटर फक्त वूफर दाखवतो, कारण ट्वीटरच्या वाटेवरचा कपॅसिटर डीसी अडवतो. तिथे ३.४ दिसलं तर ट्वीटर तुटलाय असं समजू नये.

मोनोब्लॉकवर दोन कॉइलचा सब होता, ४-४ ओहमच्या कॉइल समांतर, मीटरवर १.७. हा अ‍ॅम्प २ ओहमसाठीच ठरवलेला, म्हणून तिथे हात लावला नाही.

वायर, ग्राउंड आणि व्होल्टेज

अ‍ॅम्पला किती अँपिअर लागतात याचा हिशेब सोपा आहे : एकूण आरएमएस वॅट, भागिले कार्यक्षमता, भागिले १३.८. चार चॅनलचे ३०० वॅट, क्लास एबीची पूर्ण शक्तीवरची कार्यक्षमता ५५ टक्के धरून जवळपास ४० अँपिअर. मोनोब्लॉकचे ५०० वॅट, ८० टक्के धरून ४५. दोन्ही मिळून शिखराला ८५. आणि बॅटरीपासून डिकीपर्यंत आलेली वायर होती ८ गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड), ५ मीटर लांब, तीही तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची.

शुद्ध तांब्याच्या ८ गेज वायरचा रोध मीटरला सुमारे २.१ मिलीओहम असतो. मुलामावाल्या वायरचा साधारण दीडपट, म्हणजे ३.२. पाच मीटरला १६ मिलीओहम. बासच्या ठोक्याला ६० अँपिअर वाहिले की नुसत्या त्या वायरीत १ व्होल्ट गळतो. वायर ओळखायची तर टोक सोलून दोन-तीन तारा चाकूने खरवडाव्यात. आतून चंदेरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. फक्त कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं बाहेरून चंदेरी आणि खरवडल्यावर लालसर दिसतं, ते चांगलं असतं.

गळती मोजायची पद्धत अशी. एक लांब वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मागे आणायची आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून तिच्यात आणि अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्ह टर्मिनलमध्ये लावायचा. मीटर थेट गळतीच दाखवतो. मग तसंच निगेटिव्हचं, म्हणजे पत्र्यातून परतणाऱ्या ग्राउंडचं. मीटरला सर्वाधिक वाचन धरून ठेवायची सोय असेल तर उत्तम, कारण ठोक्यांवर आकडा उड्या मारतो. इथे पॉझिटिव्ह बाजूला १.२ व्होल्ट, ग्राउंड बाजूला ०.५. बॅटरीवर १४.१ असताना अ‍ॅम्पला ठोक्यागणिक १२.४ मिळत होते.

याचा तापण्याशी काय संबंध? ज्या अ‍ॅम्पचा आतला पॉवर सप्लाय रेग्युलेटेड (आतलं व्होल्टेज स्थिर राखणारा) असतो, तो व्होल्टेज कमी पडलं की तेवढीच शक्ती देण्यासाठी जास्त प्रवाह ओढतो, आणि सप्लायमधल्या मॉसफेट ट्रान्झिस्टरची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. अनरेग्युलेटेड अ‍ॅम्पमध्ये आतलं रेल व्होल्टेजच (आउटपुट ट्रान्झिस्टरना मिळणारं व्होल्टेज) खाली येतं, त्यामुळे तोच आवाज हवा असला की तो लवकर क्लिप होतो, म्हणजे आवाजाच्या लाटेचे शेंडे कापतो. दोन्हीकडून तोटाच.

मुख्य वायर ० गेज शुद्ध तांब्याची केली. तिचा रोध मीटरला ०.३२ मिलीओहम, ५ मीटरला १.६, म्हणजे ६० अँपिअरला जेमतेम ०.१ व्होल्ट. बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत १०० अँपिअरचा मुख्य फ्यूज. मागे फ्यूजसह डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक, तिथून दोन्ही अ‍ॅम्पना ४ गेज. लग्ज (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे जोड) हातोडीने ठोकून नव्हे, तर हेक्स क्रिंपरने दाबून घेतले आणि वर हीट श्रिंक चढवली. सैल क्रिंप स्वतःच हीटर होतो. वाजवून झाल्यावर फ्यूज होल्डर आणि टर्मिनल यांना बोट लावून पाहा. त्यातलं एखादंच गरम लागत असेल तर दोष तिथेच सापडतो.

ग्राउंड पत्र्याच्या रंगावरच स्क्रूने आवळलेला होता. जवळची जाड पत्र्याची जागा निवडली, खालून काही वायर किंवा पेट्रोलची नळी जात नाही ना हे पाहिलं, रंग घासून चकचकीत धातू उघडा केला, आणि ८ मिलिमीटरचा नटबोल्ट, दातेरी वॉशर, गोल लग असा पक्का केला. वर गंज धरू नये म्हणून ग्रीस. लांबी ४५ सेंटीमीटरपेक्षा कमी, जाडी पॉझिटिव्हइतकीच. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नये. एवढं झाल्यावर दोन्ही बाजूंची मिळून गळती ०.३ व्होल्टवर आली.

बॅटरीवर इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट टिकत होते आणि हेडलाइट मंदावत नव्हते, म्हणून अल्टरनेटरच्या वायरींना हात लावला नाही. मोठा कपॅसिटर लावल्याने अ‍ॅम्प थंड राहतो ही समजूत मात्र सोडून द्यावी. तो व्होल्टेजमधली क्षणभराची खाच भरून काढतो, सरासरी प्रवाह तेवढाच राहतो.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

चार चॅनलच्या अ‍ॅम्पचा गेन (स्टीरिओचा सिग्नल किती पट वाढवायचा ते) जवळजवळ टोकाला होता, मोनोब्लॉकवर बास बूस्ट पूर्ण १२ डेसिबलला. बूस्टचा हिशेब निर्दय आहे : ३ डेसिबलला शक्ती दुप्पट, ६ ला चौपट, १२ ला सोळापट. अ‍ॅम्पकडे तेवढी शक्ती नसते, मग लाटेचे शेंडे कापले जातात. पूर्ण कापलेली लाट त्याच उंचीच्या शुद्ध लाटेच्या दुपटीपर्यंत सरासरी शक्ती ओढते. अ‍ॅम्पचा सप्लाय तापतो, स्पीकरची कॉइल तापते, आणि कानाला मात्र फक्त कर्कशपणा वाढलेला जाणवतो.

गेन लावण्यासाठी स्पीकरच्या वायरी काढल्या. स्टीरिओतले इक्वलायझर, लाउडनेस, बास सगळं शून्यावर, आवाज कमालीच्या तीनचतुर्थांशावर. अ‍ॅम्पवरचा बूस्ट शून्य. मल्टिमीटर एसी व्होल्टवर. लक्ष्य व्होल्टेज म्हणजे वॅट आणि ओहमच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ७५ गुणिले ४ म्हणजे ३००, त्याचं वर्गमूळ १७.३ व्होल्ट. मोनोब्लॉकसाठी ५०० गुणिले २ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६. शून्य डेसिबलला रेकॉर्ड केलेला शुद्ध स्वर वाजवायचा आणि मीटरवर तो आकडा येईपर्यंत गेन हळूहळू चढवायचा. त्यापुढे नाही.

स्वर कोणता वापरायचा यात एक खोच आहे. सबसाठी ५० हर्ट्झ ठीक. दारांसाठी १००० हर्ट्झ सांगितला जातो, पण साध्या मल्टिमीटरचं एसी वाचन अनेकदा ४०० हर्ट्झपर्यंतच खात्रीचं असतं. म्हणून चार चॅनलवर फिल्टर तात्पुरता ‘फुल’वर ठेवून १०० हर्ट्झ वापरला आणि काम झाल्यावर फिल्टर जागेवर आणला. ऑसिलोस्कोप हाताशी असेल तर प्रश्नच मिटतो, लाटेचा शेंडा सपाट व्हायला लागताच थांबायचं.

मग फिल्टर. दारांचा हाय पास (ठरवलेल्या सुराखालचा बास अडवणारा फिल्टर) बंदच होता. सब असताना दारांना खोल बास देण्यात काहीच मिळत नाही आणि संगीतातली बहुतेक ऊर्जा तिथेच असते. हाय पास ८० हर्ट्झवर ठेवला. चार चॅनलच्या अ‍ॅम्पचा भार यामुळे जितका उतरला तितका दुसऱ्या कुठल्याही एका बदलाने उतरला नाही. दारांचा आवाजही स्वच्छ झाला, कारण ६ इंची पडदा आता ४० हर्ट्झसाठी धडपडत नव्हता. सबचा लो पास (वरचे सूर अडवणारा) ८० वर. खोका पोर्टेड (हवेसाठी भोक असलेला) असल्याने सबसॉनिक (अगदी खोल सूर अडवणारा) फिल्टर २८ हर्ट्झला लावला. पोर्टच्या सुरापेक्षा बऱ्याच खालच्या आवाजाला पडदा नुसता हेलकावतो, ऐकू काही येत नाही, प्रवाह मात्र जातो.

एवढ्यावर पहिली फेरचाचणी घेतली, अ‍ॅम्प अजून त्याच बंद पोकळीत असताना. डिकी ३४, हीट सिंक ६२, आणि अ‍ॅम्प बंद पडला नाही. वाढ ४७ वरून २८. अजून एकही पंखा लावलेला नव्हता.

एक टोक गरम का?

आता ते गरम टोक. अ‍ॅम्प वॉरंटीत असेल तर उघडू नये, हे स्पष्ट सांगतो. इथे वॉरंटी संपलेली होती. मुख्य फ्यूज काढला, वायरी सोडवल्या, आणि उघडल्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजलं. ५ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर टोकांना लावून ते उतरवावं. पेचकसाने शॉर्ट करू नये.

ट्रान्झिस्टर हीट सिंकवर दाबून धरणाऱ्या पट्टीचा एक स्क्रू सैल झाला होता आणि त्याखालची पांढरी पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. गाडीच्या सततच्या हादऱ्यांत आणि तापण्या-थंडावण्यात हे होतंच. सुकलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढली. अभ्रकाच्या चकत्यांना दोन्ही बाजूंनी पेस्टचा पातळ थर दिला. पातळ म्हणजे धातूचा रंग अंधुक दिसेल इतका. पेस्टचं काम बारीक खळगे भरणं एवढंच आहे, जाड थर उलट उष्णता अडवतो. सिलिकॉनचे रबरी पॅड असतील तर पेस्ट लावायचीच नाही. स्क्रू घट्ट, पण दात-ओठ खाऊन आवळायचा नाही. अभ्रक चिरलं की ट्रान्झिस्टरची धातूची पाठ हीट सिंकला लागते आणि पुढच्या वेळी चालू करताच शॉर्ट. म्हणून बंद करण्याआधी प्रत्येक ट्रान्झिस्टरची पाठ आणि हीट सिंक यांच्यात कंटिन्युइटी (वीज वाहण्याची वाट) नाही ना, हे मीटरने पाहिलं. पात्यांमधली धूळ ब्रशने आणि ब्लोअरने काढली.

जागा आणि हवा

एकावर एक ठेवलेले अ‍ॅम्प वेगळे केले. वरच्या अ‍ॅम्पच्या पोटाशी खालच्याची उष्णता, असा तो प्रकार होता. जागा निवडायची मोकळीक असती तर मागच्या सीटच्या पाठीवर, पाती उभी राहतील असे ते बसवले असते. गरम हवा वर चढते, उभ्या पात्यांमधून ती आपोआप वाहते. अ‍ॅम्प उलटा टांगणं सर्वांत वाईट, कारण मग हीट सिंक खाली आणि सर्किट वर येतं. सबच्या खोक्यावर बसवू नये, थरथराटाने सोल्डर तडकतात. सीटखाली बसवताना तिथून हीटरची हवा येत नाही ना, हे पाहावं.

इथे डिकीतली सामानाची जागा सोडायची नव्हती, म्हणून पोकळी कायम ठेवून तिचाच हवेचा बोगदा केला. दोन्ही अ‍ॅम्प शेजारी-शेजारी, १५ मिलिमीटरच्या पायांवर उचललेले, चारही बाजूंना किमान ५ सेंटीमीटर मोकळे, पाती हवेच्या दिशेने. पाती आडवी आली तर हवा त्यांच्या वरून निघून जाते.

हवा किती लागेल? दर तासाला घनमीटर म्हणजे उष्णतेचे वॅट गुणिले ३, भागिले हवेत चालेल तेवढी तापमानवाढ. चार चॅनलचा अ‍ॅम्प जोरात वाजताना सुमारे १५० वॅट उष्णता टाकतो आणि मोनोब्लॉक ५० च्या आत, म्हणून २०० धरले. हवा १० अंशांनी तापली तर चालेल असं मानलं, तर ६० घनमीटर. पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, फोम आणि वळणं आली की निम्मा धरावा. ५५ घनमीटरचे ८० मिलिमीटरचे तीन पंखे घेतले, म्हणजे छापील १६५ आणि हाती ८० च्या आसपास.

पंखे ओढणारे ठेवायचे की ढकलणारे? ढकलणारे ठेवले, मागच्या सीटच्या बाजूला, जिथे केबिनमधली थंड हवा मिळते. ढकलल्याने पोकळीत किंचित दाब राहतो आणि धूळ फटींमधून आत येत नाही. येते ती पंख्यासमोरच्या फोमवर अडकते. हवा बाहेर पडायची भोकं विरुद्ध टोकाला, पंख्यांच्या एकूण तोंडापेक्षा दीडपट क्षेत्रफळाची. पंख्यांच्या कडेने फोमची पट्टी लावून गरम हवा परत तोंडाशी येणार नाही अशी आडभिंत केली. ही पट्टी विसरली तर तीच हवा गोल फिरत राहते. पातळ कागदाची पट्टी भोकांसमोर धरून हवा कुठून जाते ते तपासलं. अनेक गाड्यांत मागच्या बंपरच्या आतल्या बाजूला केबिनची हवा बाहेर सोडणारे झापे असतात, ते सामानाने किंवा साउंडप्रूफिंगने झाकले गेले नाहीत ना हेही बघावं.

तीन पंखे मिळून ०.६ अँपिअर घेतात. अ‍ॅम्पला चालू व्हायचा इशारा देणाऱ्या स्टीरिओच्या रिमोट वायरवरून ते थेट चालवू नयेत, ती एवढ्यासाठी नसते. साधा रिले (छोट्या प्रवाहाने चालू-बंद होणारा स्विच) वापरला, आकडे त्याच्या पायांचे : ८६ ला रिमोट वायर, ८५ थर्मल स्विचमधून ग्राउंडला, ३० ला २ अँपिअर फ्यूजमधून बॅटरी पॉझिटिव्ह, ८७ वरून पंखे. ८५ आणि ८६ मध्ये १एन४००७ डायोड, पट्ट्याची बाजू ८६ कडे, म्हणजे रिले सुटताना येणारा उलटा झटका स्टीरिओपर्यंत जात नाही. थर्मल स्विच केएसडी-३०१ प्रकारचा, ४५ अंशांचा, हीट सिंकवर पेस्ट लावून आवळलेला. घेताना तो नॉर्मली ओपन (थंड असताना उघडा) आहे याची खात्री करा. दिसायला तसाच नॉर्मली क्लोज्ड मिळतो आणि मग पंखे अ‍ॅम्प थंड असताना फिरतात, तापल्यावर थांबतात. पंख्यावर कमाल १३.८ व्होल्ट लिहिलेलं असेल तर पॉझिटिव्हमध्ये असाच एक डायोड ओळीत टाकावा, पाऊण व्होल्ट उतरतो. पंख्यांचं ग्राउंड आरसीए सिग्नल वायरींच्या वाटेपासून दूर घेतलं, नाहीतर त्यांची बारीक शिटी स्पीकरमधून ऐकू येते.

शेवटच्या चाचणीत डिकी ३४, हीट सिंक ५१. वाढ १७ अंशांची, आणि दोन्ही टोकांत आता नाव घेण्यासारखा फरक नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची डिकी ५५ अंशांवर गेली तरी हीट सिंक ७२ च्या आसपास राहील. थर्मल कट ८१ च्या जवळ असल्याने मध्ये थोडं अंतर उरतं. तरी अशा वेळी दारं उघडून दोन-चार मिनिटं कोंडलेली हवा जाऊ द्यावी आणि केबिन थंड होईपर्यंत आवाज मध्यम ठेवावा. यात फायदा फक्त अ‍ॅम्प बंद न पडण्याचा नाही. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, त्यामुळे उतरलेला प्रत्येक अंश मोलाचा आहे.

फोमची जाळी धुळीच्या रस्त्यांवर दर एक-दोन महिन्यांनी काढून धुवावी आणि पूर्ण वाळवूनच परत लावावी. वर्षातून एकदा ग्राउंडचा बोल्ट आणि अ‍ॅम्पचे टर्मिनल स्क्रू आवळून व्होल्टेजची गळती पुन्हा मोजावी. तांब्याच्या तारा दाबाखाली हळूहळू बसतात आणि स्क्रू सैल पडतात. ०.३ चा आकडा ०.६ झालेला दिसला तर आधी ग्राउंड उघडून पाहा.